पार्टिशन कुठून सुरू करायचं? डिस्क लावताना अलाइनमेंट ठरवणं आणि तपासणं

माझ्या मावसभावाचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं अशी कामं. तिथला एक संगणक अजून विंडोज एक्सपीवर चालतो, कारण वीस वर्षांच्या पेजमेकर फायली आणि त्यांचे जुने फॉन्ट तिथेच नीट उघडतात. त्याची १६० जीबीची हार्ड डिस्क आवाज करायला लागली, तेव्हा त्याने ती एका दुकानात देऊन १ टीबीच्या नव्या डिस्कवर जशीच्या तशी क्लोन करून आणली. डिस्क नवी, चाचणीत कुठलाच दोष नाही, तरी संगणक आधीपेक्षा मंद. फाईल उघडायची ठीक, पण सेव्ह म्हटलं की वाळूचं घड्याळ फिरत राहायचं. केबल बदलली, पोर्ट बदललं, व्हायरस तपासला. शेवटी एक आकडा पाहिला आणि कारण सापडलं. पहिलं पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला पहिला भाग, सेक्टर ६३ पासून सुरू होत होतं. ६४ पासून असतं, तर हा त्रास झालाच नसता.

पार्टिशनची सुरुवात डिस्कच्या आतल्या कप्प्यांच्या हद्दीशी जुळणं, यालाच अलाइनमेंट म्हणतात. डिस्क रिकामी असताना हा आकडा पाच मिनिटांत ठरतो. डिस्क भरल्यावर तोच आकडा बदलायला सगळा डेटा हलवावा लागतो आणि अख्खी रात्र जाते. म्हणून नवी डिस्क लावायच्या आधी पुढचं वाचून घ्या.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधी देतो. पहिलं पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीपासून १ मेबीबाइटवर सुरू करा. ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये मोजलं तर तो सेक्टर २०४८. पुढची पार्टिशनं पूर्ण मेबीबाइटच्या हद्दीवरच सुरू होऊ द्या. मेबीबाइट म्हणजे १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०,४८,५७६ बाइट. दहा लाखांचा मेगाबाइट नव्हे. आजची बहुतेक साधनं हे आपणहून करतात. पण काही वेळा करत नाहीत, आणि तेव्हा कुठलीही सूचना दिसेलच असं नाही.

आठ बर्थचा हिशेब

हार्ड डिस्कवरचा सर्वांत लहान कप्पा म्हणजे सेक्टर. कित्येक दशकं तो ५१२ बाइटचा होता. साठवणूक वाढवायची, तर प्रत्येक छोट्या कप्प्यामागे द्यावी लागणारी रिकामी फट आणि चूक-दुरुस्तीची माहिती यांत फार जागा वाया जाते. म्हणून उत्पादकांनी ४०९६ बाइटचा मोठा सेक्टर आणला. याचं नाव अॅडव्हान्स्ड फॉरमॅट. २००९ च्या अखेरीस अशा डिस्क बाजारात येऊ लागल्या आणि डेस्कटॉप-लॅपटॉपच्या नव्या डिस्क जानेवारी २०११ पासून अशाच बनवायच्या, असं या उद्योगाने एकत्र ठरवलं.

अडचण अशी की जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमना ५१२ शिवाय दुसरं मापच माहीत नव्हतं. म्हणून डिस्क बाहेरच्या जगाला 'माझे सेक्टर ५१२ चेच आहेत' असं सांगते आणि आतून आठ-आठ सेक्टर मिळून एक खरा सेक्टर ठेवते. अशा डिस्कला ५१२-ई म्हणतात. घराघरांतल्या बहुतेक हार्ड डिस्क याच प्रकारच्या आहेत.

आता रेल्वेचा स्लीपर डबा डोळ्यांसमोर आणा. एका कप्प्यात आठ बर्थ: १ ते ८, ९ ते १६, असं करत ५७ ते ६४, मग ६५ ते ७२. आठ जणांच्या कुटुंबाला ५७ ते ६४ मिळाले, तर सगळे एकत्र. पण ६४ ते ७१ मिळाले, तर एकजण एका कप्प्यात साइड अप्परवर आणि उरलेले सात पुढच्या कप्प्यात. विंडोजची एनटीएफएस किंवा लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम साधारणपणे ४०९६ बाइटच्या, म्हणजे आठ सेक्टरच्या गठ्ठ्यांत लिहिते. हेच आपलं आठ जणांचं कुटुंब. डिस्कवर सेक्टर शून्यापासून मोजतात, त्यामुळे सेक्टर ६३ म्हणजे चौसष्टावा बर्थ. पार्टिशन तिथून सुरू झालं, की पहिलं कुटुंब दोन कप्प्यांत विभागलं जातं. त्याच्यामागचं दुसरं, तिसरं, अगदी शेवटचं कुटुंबसुद्धा तसंच विभागलं जातं.

वाचताना याचा त्रास थोडा होतो, लिहिताना मात्र फार. डिस्कला खऱ्या सेक्टरचा आठवा भाग वेगळा लिहिता येत नाही. तिला तो पूर्ण सेक्टर आधी वाचावा लागतो, त्यातला तुकडा बदलावा लागतो आणि मग तबकडीने एक फेरी पूर्ण करून तीच जागा पुन्हा डोक्याखाली यायची वाट पाहावी लागते. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कवर एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात, ५४०० च्या डिस्कवर ११.१. एका वेळेला हे काहीच नाही. पण सेव्ह करताना, अपडेट होताना, हजारो लहान फायली कॉपी करताना हेच हजारो वेळा घडतं. डिस्कची कॅश मेमरी यातला काही भार उचलतो, सगळा नाही.

एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतं, तरी तिथेही पानं असतात, बहुधा ४, ८ किंवा १६ किबीबाइटची (किबीबाइट म्हणजे १०२४ बाइट). पान ओलांडून लिहिलं, की एकाऐवजी दोन पानं खर्ची पडतात. वेग थोडा घटतो आणि चिपची झीजही वाढते.

६३ हा विचित्र आकडा आला कुठून? संगणक सुरू करणाऱ्या जुन्या बायोस प्रोग्रामच्या काळात डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांत सांगायचे आणि एका ट्रॅकवर, म्हणजे तबकडीच्या एका वर्तुळावर, जास्तीत जास्त ६३ सेक्टर मोजता यायचे. पहिला ट्रॅक बूट रेकॉर्डसाठी राखून पार्टिशन दुसऱ्या ट्रॅकवर सुरू करायची पद्धत पडली. ट्रॅक ० ते ६२ सेक्टरांचा, म्हणून पुढचा ६३. बाइटमध्ये ३२,२५६. याला ४०९६ ने भागलं, तर ७.८७५ येतात. हा अपूर्णांकच सगळ्या त्रासाचं मूळ. विंडोज व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या आकाराच्या डिस्कवर १ मेबीबाइट हीच सुरुवात धरली. लिनक्सची साधनंही २०१० च्या सुमारास त्याच मार्गावर आली.

६४ चालत असेल, तर २०४८ कशाला?

४ किबीबाइटच्या खऱ्या सेक्टरपुरतं बोलायचं, तर ६४ पुरेसा आहे. पण एसएसडीचं पान १६ किबीबाइटचं असू शकतं, रेडचा (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायच्या पद्धतीचा) पट्टा ६४, १२८ किंवा २५६ चा असतो आणि उद्या डिस्क बदलली तर नव्याचं माप काय असेल ते आज ठाऊक नसतं. १०,४८,५७६ या संख्येला ४, ८, १६, ६४, १२८, २५६, ५१२ किबीबाइट या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. एका मेबीबाइटपेक्षा कमी जागा सोडून इतक्या शक्यतांची सोय होते, म्हणून मी दुसरा विचार करत नाही. एसएसडीच्या पुसण्याच्या ब्लॉकशी सुरुवात जुळवायचा सल्लाही कुठे कुठे वाचायला मिळतो. त्यात वेळ घालवू नका. कुठलं पान प्रत्यक्षात कुठे ठेवायचं, ते एसएसडीचा कंट्रोलर स्वतः ठरवत असतो, आणि ब्लॉकचा खरा आकार तो बाहेर सांगतही नाही.

पायरी १: डिस्क स्वतःला काय म्हणवते ते पाहा

इथून पुढे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाइप करायच्या.

विंडोज ८ किंवा त्यापुढचं असेल, तर कमांड प्रॉम्प्ट 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि 'एफएसयूटिल एफएसइन्फो सेक्टरइन्फो सी:' द्या. शेवटच्या 'सी'च्या जागी हव्या त्या ड्राइव्हचं अक्षर. उत्तरात लॉजिकल सेक्टर आणि फिजिकल सेक्टर असे दोन्ही आकडे येतात. त्याच यादीत पार्टिशनची अलाइनमेंट बरोबर आहे की नाही, हेही 'अलाइन्ड' या शब्दाने सांगितलेलं असतं. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके', त्यापुढे एक जागा सोडून 'हायफन टी'. 'फाय-सेक' आणि 'लॉग-सेक' हे दोन रकाने पाहायचे.

५१२ आणि ५१२ आले, तर जुनी डिस्क किंवा तसं सांगणारी एसएसडी. ५१२ आणि ४०९६ आले, तर वर सांगितलेली ५१२-ई. ४०९६ आणि ४०९६ आले, तर ४के-नेटिव्ह.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पुष्कळ एसएसडी दोन्हीकडे ५१२ सांगतात, जरी आतलं पान त्याहून कितीतरी मोठं असलं. तेव्हा '५१२ आहे म्हणजे कुठूनही सुरू केलं तरी चालेल' असं समजू नका. आणि ४के-नेटिव्ह डिस्कवर १ मेबीबाइट म्हणजे सेक्टर २०४८ नाही, २५६. तिथे २०४८ लिहिलंत तर पार्टिशन ८ मेबीबाइटवर सुरू होईल. अलाइनमेंट बिघडत नाही, पण पुढची सगळी गणितं या गैरसमजावर केली जातात. म्हणून मी शक्यतो सेक्टरऐवजी मेबीबाइट हेच एकक वापरतो.

पायरी २: एमबीआर की जीपीटी

कुठलं पार्टिशन कुठे आहे याचा तक्ता डिस्कवर ठेवायच्या या दोन पद्धती; एमबीआर जुनी, जीपीटी नवी. डिस्क २ टेबीबाइटपेक्षा (टेबीबाइट म्हणजे १०२४ गुणिले १०२४ मेबीबाइट) मोठी असेल, तर ५१२ च्या सेक्टरवर एमबीआरला पुढची जागा मोजताच येत नाही. जीपीटीच घ्यावं लागतं. लहान डिस्कवरही संगणक यूईएफआयचा (बायोसच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेचा) असेल, तर जीपीटीच घ्या. एमबीआर फक्त एक्सपीसारख्या जुन्या व्यवस्थेसाठी किंवा जुन्या बायोसवरून विंडोज सुरू करायचं असेल तेव्हा.

जीपीटीचा तक्ता सेक्टर ३३ पर्यंतची जागा घेतो, म्हणून वापरायला मोकळा असलेला पहिला सेक्टर ३४. काही साधनं 'पहिला मोकळा सेक्टर' म्हणून हाच आकडा पुढे करतात. तो स्वीकारू नका. ३४ ला ८ ने भाग जात नाही.

पायरी ३: पार्टिशन बनवा

काहीही करायच्या आधी डिस्कचा आकार आणि नाव पाहून हीच ती डिस्क आहे ना, याची दोनदा खात्री करा. मी तर डेटाच्या दुसऱ्या सगळ्या डिस्क त्या वेळेपुरत्या काढूनच ठेवतो. चुकीच्या अलाइनमेंटमुळे वेग जातो. चुकीच्या डिस्कवर हात पडला तर घरचे फोटो जातात.

विंडोजवर डिस्क मॅनेजमेंटमधून साधं पार्टिशन बनवलं, तरी ते १ मेबीबाइटच्या हद्दीवर बसतं. वेगळं काही करावं लागत नाही. स्वतः सांगायचंच असेल, तर 'डिस्कपार्ट' उघडा, 'लिस्ट डिस्क'ने यादी पाहा, 'सिलेक्ट डिस्क' आणि क्रमांक देऊन डिस्क निवडा, आणि 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी' यापुढे 'अलाइन=१०२४' जोडा. तिथलं एकक किबीबाइट आहे, म्हणून १०२४ म्हणजे १ मेबीबाइट. याच साधनात 'क्लीन' नावाची कमांड आहे. निवडलेल्या डिस्कचा पार्टिशन तक्ता ती काहीही न विचारता पुसते.

लिनक्सवर नवख्यांनी जीपार्टेड वापरावं. नवं पार्टिशन बनवायच्या खिडकीत 'अलाइन टू' असा एक पर्याय असतो. त्यात 'एमआयबी' निवडलेलं हवं. 'सिलिंडर' हा तिथलाच जुना पर्याय ६३ च्या जमान्यातला आहे, त्याला हात लावू नका. कमांड लाइनवर 'एफडिस्क' पहिल्या सेक्टरसाठी आपण होऊन २०४८ सुचवतं, एन्टर दाबायचं. 'पार्टेड' वापरत असाल तर सुरुवात '१एमआयबी' अशीच लिहा. 'एमबी' लिहिलंत तर ते दहा लाखांचं माप धरतं आणि १ एमबी कुठल्याच पूर्ण सेक्टरवर पडत नाही. पार्टेड बहुतेक वेळा जवळची नीट जागा शोधून घेतं, पण ते त्याच्यावर का सोपवायचं?

यूएसबीच्या डब्यातली डिस्क असेल, तर इथे जरा थांबा, कारण भरवशाची साधनं चुकतात ती याच ठिकाणी. काही यूएसबी-साटा डबे (साटा हे डिस्क संगणकाला थेट जोडायचं पोर्ट) 'एका वेळी किती लिहिलेलं मला सोयीचं' या प्रश्नाला ३,३५,५३,९२० बाइट असं उत्तर देतात. हे म्हणजे ६५,५३५ सेक्टर. डबा प्रत्यक्षात आपली कमाल मर्यादा सांगत असतो. एफडिस्क किंवा पार्टेड तो आकडा सोयीचा मानतात आणि पहिला सेक्टर ६५५३५ सुचवतात. त्याला ८ ने भाग जात नाही. म्हणजे अलाइनमेंट जपण्यासाठी लिहिलेलं साधनच ती मोडतं. तेव्हा सुचवलेला आकडा २०४८ नसेल, तर एन्टर दाबू नका, स्वतः २०४८ लिहा. नंतर पार्टेडची तपासणी 'हे नीट नाही' म्हणेल, कारण तिच्या हिशेबात अजून तेच चुकीचं माप आहे. तिथे साधनापेक्षा भागाकारावर विश्वास ठेवा.

फॉरमॅट करताना क्लस्टरचा, म्हणजे फाइल सिस्टिमच्या गठ्ठ्याचा, आकारही पाहा. पार्टिशन नीट बसलं, पण क्लस्टर ५१२ बाइटचाच असला (फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टिमचं एनटीएफएसमध्ये रूपांतर केलेल्या जुन्या ड्राइव्हवर असं होतं), तर कुटुंबच आठ जणांचं उरत नाही आणि अर्धवट लेखन चालूच राहतं. ४ किबीबाइट हे नेहमीचं माप ठेवा.

पायरी ४: आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

शाळेत विभाज्यतेच्या कसोट्या शिकवतात. संख्येच्या शेवटच्या तीन अंकांना ८ ने भाग गेला, तर पूर्ण संख्येला जातो. ५१२ च्या सेक्टरमध्ये सुरुवात कळली, की एवढी कसोटी पुरते. २०४८ चे शेवटचे तीन अंक ०४८, भाग जातो. ६५५३५ चे ५३५, जात नाही. २६४१९२ चे १९२, जातो. त्याहून पक्कं हवं असेल, तर सेक्टरला २०४८ ने किंवा बाइटला १०,४८,५७६ ने भागा. पूर्णांक आला की झालं.

विंडोजवर हा आकडा मिळवायला पॉवरशेलमध्ये 'गेट-पार्टिशन' द्या. 'ऑफसेट' रकान्यात बाइट दिसतात. एक्सपीपासून आजपर्यंत सगळीकडे चालणारा मार्ग म्हणजे 'एमएसइन्फो३२' उघडून कंपोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स असं जाणं. तिथे 'पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट' लिहिलेलं असतं. मावसभावाच्या संगणकावर मला ३२,२५६ दिसलं ते इथेच.

डिस्कपार्टच्या 'लिस्ट पार्टिशन'वर या कामासाठी अवलंबून राहू नका. ते ऑफसेट पूर्ण किलोबाइटमध्ये दाखवतं, त्यामुळे ३१.५ चे ३२ होऊन दिसतात. ३२ ला तर ४ ने सहज भाग जातो. म्हणजे नेमकं सर्वांत जास्त आढळणारं चुकलेलं पार्टिशन तिथे बरोबर वाटतं.

लिनक्सवर 'एफडिस्क हायफन एल' सेक्टर दाखवतं, आणि डिस्कचं माप ठीक कळलं असेल तर 'पार्टिशन फिजिकल सेक्टरच्या हद्दीवर सुरू होत नाही' अशी इंग्रजीत सूचनाही देतं. पार्टेडमध्ये 'अलाइन-चेक ऑप्टिमल १' म्हणजे पहिल्या पार्टिशनची तपासणी.

फक्त पहिलं पार्टिशन पाहून थांबू नका. जुन्या पद्धतीच्या एक्स्टेंडेड पार्टिशनमध्ये (ज्याच्या आत आणखी ड्राइव्ह बनवता येतात) आतला प्रत्येक लॉजिकल ड्राइव्ह स्वतःच्या छोट्या तक्त्यानंतर पुन्हा ६३ सेक्टर सोडून सुरू होतो. सी नीट आणि डी, ई बिघडलेले असं होऊ शकतं.

याउलट काही आकडे पाहून घाबरायचं कारण नाही. जीपीटी डेटा डिस्कवर विंडोज स्वतःसाठी एक राखीव पार्टिशन बनवतं आणि ते बहुधा सेक्टर ३४ पासून ३२७६७ पर्यंत असतं. त्यात कुठली फाइल सिस्टिम नसते, कोणी काही लिहीत नाही. तुमचं खरं पार्टिशन ३२७६८ पासून सुरू होतं आणि ते बरोबर १६ मेबीबाइट. मॅकवर पहिलं ईएफआय पार्टिशन सेक्टर ४० पासून आणि दुसरं ४०९६४० पासून असतं. मेबीबाइटच्या हद्दीवर ती नाहीत, पण दोघांनाही ८ ने भाग जातो. तसंच राहू द्या.

आधीच चुकलं असेल तर

आधी स्वतःला विचारा, हलवायची खरंच गरज आहे का? जुने चित्रपट, लग्नाच्या शूटिंगचे व्हिडिओ ठेवलेली डिस्क, जिच्यावर मोठ्या फायली एकदा लिहिल्या आणि पुढे फक्त वाचल्या जातात, तिला चुकीच्या सुरुवातीचा फारसा फटका बसत नाही. तिच्यावरचा सगळा डेटा हलवण्यातला धोका, मिळणाऱ्या फायद्यापेक्षा मोठा आहे. डिस्क खरी ५१२ ची जुनी असेल, तर तिला ६३ ने काहीच होत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमची डिस्क, डेटाबेस, हिशेबाचं सॉफ्टवेअर, रोज लहान लहान फायली लिहिणारं काम असेल, तर मात्र हलवा.

सर्वांत सुरक्षित मार्ग जरा कंटाळवाणा आहे: डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या, तो उघडतो का ते पाहा, पार्टिशन काढून नव्याने २०४८ पासून बनवा, डेटा परत आणा. फक्त डेटाची डिस्क असेल, तर यापेक्षा वेगळं काही करू नका.

ऑपरेटिंग सिस्टिमसकट हलवायचं असेल, तर जीपार्टेड पेनड्राइव्हवरून चालवा. आधी पार्टिशनच्या शेवटी थोडी मोकळी जागा हवी; नसेल तर पार्टिशन काही मेबीबाइटने लहान करा. मग 'रिसाइझ/मूव्ह'मध्ये पुढे सोडायची जागा १ आणि अलाइन 'एमआयबी' ठेवून लागू करा. सुरुवात अवघ्या १९८५ सेक्टरने सरकते, पण त्यामागचा प्रत्येक बाइट पुन्हा लिहिला जातो. या वेळात वीज गेली, तर पार्टिशन अर्धं इकडे, अर्धं तिकडे राहतं. भारनियमन असलेल्या गावात यूपीएसशिवाय हे काम सुरू करू नका. लॅपटॉप असेल, तर बॅटरी भरलेली आणि चार्जरही लावलेला. आणि बॅकअप असलाच पाहिजे. हलवल्यावर विंडोज पहिल्यांदा सुरू न होण्याचीही शक्यता असते, म्हणून त्याची दुरुस्तीची डिस्क किंवा पेनड्राइव्ह आधीच तयार ठेवा.

मावसभावाची जुनी १६० जीबीची डिस्क अजून वाचता येत होती, म्हणून मी नवीवर हात टाकायचं धाडस केलं. रात्री दहाला सुरू केलं, सकाळी पार्टिशन २०४८ वर होतं आणि एक्सपी नीट सुरू झालं. सेव्हची रखडण थांबली. १ मेबीबाइटवरचं पार्टिशन एक्सपीला व्यवस्थित चालतं. फक्त नव्या पद्धतीने बनवलेले लॉजिकल ड्राइव्ह असतील, तर एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशनात बदल करू नका. ते तक्ता जुन्या नियमांनी लिहायला जातं आणि लॉजिकल ड्राइव्ह हरवू शकतात.

अॅडव्हान्स्ड फॉरमॅटच्या सुरुवातीच्या काळात वेस्टर्न डिजिटलने काही डिस्कवर एक्सपीसाठी वेगळी सोय दिली होती. मागच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या पिनांवर जंपर लावला, की डिस्क आतून सगळे सेक्टर एकाने पुढे सरकवते. बाहेर ६३ म्हटलं, की आत ६४. अशी डिस्क जुन्या संगणकातून तुमच्याकडे आली, तर जंपर पाहा. तो असताना २०४८ पासून पार्टिशन बनवलं, तर तेच चुकीचं ठरतं. डेटा असलेल्या डिस्कचा जंपर मात्र काढू नका. सगळे सेक्टर एकाने सरकतील आणि डिस्क रिकामी असल्यासारखी दिसेल.

क्लोन, मेमरी कार्ड आणि बाकीचे

डिस्क बदलताना होणाऱ्या चुकांचं मोठं कारण क्लोनिंग हेच आहे. 'सेक्टर टू सेक्टर' प्रत काढली, की जुन्या डिस्कचा ६३ नव्या डिस्कवर जसाच्या तसा येतो. क्लोनच्या साधनात अलाइनमेंटचा पर्याय असेल, तर तो चालू करा. नसेल, तर नव्या डिस्कवर पार्टिशनं आधी स्वतः बनवा आणि एकेक पार्टिशन त्यात उतरवा. दुकानातून क्लोन करून घेत असाल, तर 'सुरुवात २०४८ पासून करा' एवढं एक वाक्य काउंटरवर सांगा, आणि घरी आल्यावर तपासा.

मेमरी कार्डाचं पार्टिशन उगाच नव्याने बनवू नका. फॅटमध्ये फायलींचा खरा भाग तक्त्यांनंतर सुरू होतो, त्यामुळे पार्टिशन बरोबर असूनही क्लस्टर हद्दीबाहेर पडू शकतात. कारखान्यातून कार्ड येताना हे सगळं जुळवलेलं असतं. बिघडलंच, तर एसडी असोसिएशनचं मोफत फॉरमॅटर वापरा.

रेडवर पट्ट्याचा आकार पाहा. चार डिस्कच्या रेड ५ मध्ये तीन डिस्कवर डेटा असतो. तुकडा ६४ किबीबाइटचा असेल, तर पूर्ण पट्टा १९२ चा, आणि १ मेबीबाइटला १९२ ने पूर्ण भाग जात नाही. तुकड्याशी जुळलं तरी बहुतेक घरगुती कामाला पुरतं. पूर्ण पट्ट्याशीही जुळवायचं असेल, तर ३ मेबीबाइटवर सुरू करा, त्याला दोन्हींनी भाग जातो. लिनक्सच्या एलव्हीएम (डिस्कची जागा वाटणारी व्यवस्था) आणि लक्सच्या (डिस्क कुलूपबंद करणारी व्यवस्था) आजच्या आवृत्त्या स्वतःची सुरुवात मेबीबाइटवरच ठेवतात.

झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांनी मात्र पूल, म्हणजे डिस्कचा एकत्र साठा, बनवताना सेक्टरचं माप ठरवणारा 'ए-शिफ्ट' १२ ठेवा. दोनचा बारावा घात म्हणजे ४०९६. डिस्कने आपलं माप ५१२ सांगितलं आणि तो आकडा ९ राहिला, तर बनवलेल्या व्हीडेव्हचा (पूलमधल्या डिस्कच्या गटाचा) ए-शिफ्ट नंतर बदलता येत नाही; पूल रिकामा करून पुन्हा बांधावा लागतो.

यूएसबी डब्यांची आणखी एक सवय माहीत असू द्या. २ टेबीबाइटपेक्षा मोठ्या डिस्क एक्सपीवर चालाव्यात म्हणून काही डबे संगणकाला सेक्टर ४०९६ चा असल्याचं सांगायचे. अशा डब्यातली भरलेली डिस्क बाहेर काढून थेट साटाला लावली, की तोच तक्ता ५१२ च्या मापाने वाचला जातो आणि पार्टिशनच दिसत नाही. डेटा गेलेला नसतो. 'इनिशिअलाइज' म्हणू नका, डिस्क परत त्याच डब्यात घाला आणि आधी डेटा काढून घ्या.

सगळं झाल्यावर पार्टिशन तक्त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. लिनक्सवर 'एसएफडिस्क हायफन डी' तो मजकुरात देतं; विंडोजवर गेट-पार्टिशनच्या खिडकीचा फोटो काढला तरी चालतो. मावसभावाच्या डिस्कच्या लेबलवर मी मार्करने लिहून ठेवलं आहे: एमबीआर, एकच पार्टिशन, सुरुवात २०४८. पुढच्या वेळी ती डिस्क क्लोन करायला जाईल, तेव्हा समोरच्या माणसाला हा आकडा विचारावा लागणार नाही.